मधूच्या वहीतली एक चुकीची नोंद

रेवतीचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा उरलासुरला बर्फ फावड्याने बाजूला करत होतो. ती पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला असते, तिच्याकडे अजून अंधार असणार हे लक्षात आलं आणि फोन उचलायच्या आधीच मला कळलं. “काका, बाबा गेले. झोपेतच,” एवढं ती मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मधुकर खांबेटे, माझा मधू, ओहायोतल्या याच डब्लिन गावात माझ्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर गेला. शेवटचं भेटलो ते त्याआधी दहा दिवस. तेव्हाही त्याने माझ्या हातातला चहाचा कप उजव्या हाताने घेतला आणि डावा हात सवयीने शालीखाली ठेवला. चाळीस वर्षं तो हात माझ्यासमोर असाच झाकलेला होता… आणि चाळीस वर्षं मी त्याकडे पाहिलं नव्हतं.

हे लिहायला मी बसलो नसतो. पण मधू गेल्यावर महिन्याभराने आमच्या महाराष्ट्र मंडळाचं त्रैमासिक आलं. त्यात श्रद्धांजलीचा परिच्छेद होता. सुस्वभावी, बुद्धिमान वगैरे झाल्यावर पुढे हे वाक्य: “एका विचित्र छंदापायी, स्वतःच्याच निष्काळजीपणामुळे त्यांनी हाताची दोन बोटे गमावली, तरी त्यांची विनोदबुद्धी शाबूत राहिली.” निष्काळजीपणा! मधूचा! वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं काट्यांची अचूकता तपासणारा माणूस, जो घरातलं घड्याळ दर रविवारी रेडिओवरून लावायचा, पेट्रोल भरताना आकडा वहीत लिहायचा, तो निष्काळजी? मी ते त्रैमासिक टेबलावर आपटलं. ज्या मुलीने हे लिहिलं तिचा त्या अपघाताच्या वेळी जन्मही झाला नव्हता. तिला फोन करून खडसावावं म्हणून नंबर शोधायला लागलो आणि मध्येच थांबलो. तिने तो शब्द मंडळाच्या जुन्या फाइलीतून घेतला असणार. आणि जुन्या फाइलीतला तो शब्द माझाच होता.

तर मुळापासून सांगतो. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. कोलंबसच्या आसपास आपली मंडळी बोटावर मोजण्याइतकी, बहुतेक डॉक्टर आणि इंजिनियर. मधू सांगलीकडचा, मी नागपूरचा. तो मला ‘अरव्या’ म्हणे आणि माझ्या विसराळूपणावर तोंडसुख घेई. त्याच्या खात्यात हॅरल्ड नावाचा एक म्हातारा फोरमन होता. तो मक्याच्या शेतांपलीकडच्या एका नेमबाजीच्या क्लबात जायचा. तिथे जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हरं उडवत, काडतुसांची नव्हेत, काळ्या दारूची. दारू मापाने ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, आणि असं एकेक करून सहाही घरं हाताने भरायची. हॅरल्ड त्याला एकदा घेऊन गेला आणि मधू अक्षरशः भारावून परत आला. मी म्हटलं, “तुला काय वेड लागलंय का? आपण काय काउबॉय?” तो म्हणाला, “अरे, यात उडवणं शेवटचे दोन सेकंद. बाकी सगळं मोजमाप आहे. घाई करणाऱ्याला हे जमतच नाही. तुला तर नाहीच.”

रिव्हॉल्व्हर घ्यायला तो मला बरोबर घेऊन गेला. माझ्याकडे स्टेशन वॅगन होती आणि त्याच्या बायकोने, सुलभावहिनींनी, “एकट्याला जाऊ देऊ नका भावजी, दुकानच उचलून आणेल,” असं बजावलं होतं. दुकान हायवेवर, मासेमारीचे गळ आणि हरणांची शिंगं लावलेलं. विक्रेत्याने काचेवर तीन रिव्हॉल्व्हरं मांडली, तिन्ही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यांच्या इटलीत बनवलेल्या नकला. पहिल्याचा सांगाडा पितळेचा, घासलेल्या समईसारखा लखलखीत. मला तेच आवडलं आणि विक्रेत्यालाही तेच खपवायचं होतं. मधूने ते हातात घेतलं, घोडा मागे ओढला, गोळ्यांची घरं असलेला फिरता सिलिंडर दोन बोटांत धरून हलवून पाहिला आणि खाली ठेवलं. “पितळ मऊ,” तो मला मराठीत म्हणाला. “हजार ठोके खाल्ले की ताणतं. भिंतीवर टांगायला छान. तुझ्या दिवाणखान्यात शोभेल.” दुसरं पोलादी, सडपातळ, पण वरून उघडं. सिलिंडरवर पट्टी नाही आणि नेम धरायची मागची खाच घोड्याच्याच डोक्यावर कोरलेली. “म्हणजे जो भाग हलतो त्यावरच खूण,” मधू म्हणाला. “आमच्या कारखान्यात असा काटा कुणी बनवला तर मी त्याला घरी पाठवीन.” तिसरं ओबडधोबड, काळसर, सिलिंडरवरून जाणारी जाड पोलादी पट्टी आणि मागची खाच त्या पट्टीतच. दिसायला तिघांत सर्वांत कुरूप. मधूने त्यावर तब्बल एक तास घालवला. खिशातून छोटी टॉर्च काढून प्रत्येक घर नळीसमोर नीट येतं का पाहिलं. मग शिशाची एक गोळी मागितली आणि घरात दाबून दाखवायला सांगितलं. गोळी आत जाताना तिच्या कडेचं शिसं कापलं जाऊन बारीक कडं सुटलं. ते त्याने चिमटीत धरून मला दाखवलं. “हे बघ. कडं सुटलं म्हणजे गोळी घट्ट बसली. नाही सुटलं तर फट राहिली, आणि फटीतून ठिणगी शिरते.” विक्रेता वैतागून म्हणाला, “सर, तुम्ही हे विकत घेताय की याच्याशी लग्न करताय?” मधू शांतपणे उत्तरला, “लग्नाच्या वेळी मला एवढं तपासू दिलं नव्हतं.” आमच्या हसण्यात तो विक्रेताही सामील झाला.

परत येताना मी विचारलं, नेमबाजीच करायची तर आजकालचं सोपं पिस्तूल का नाही? त्याने मांडीवरची रिव्हॉल्व्हरची पेटी सरळ केली. मग म्हणाला, “घरात रेवती आहे. नऊ वर्षांची. हे भरायलाच दहा मिनिटं लागतात, आणि दारू क्लबात हॅरल्डच्या कपाटात राहणार. घरात राहील तो नुसता लोखंडाचा तुकडा. मी हे जितकं चांगला नेम धरतं म्हणून घेतलं, तितकंच ते भरायला कठीण म्हणून घेतलं.” पुढे ज्यांनी त्याला बेजबाबदार म्हटलं त्यांच्यापैकी एकालाही हे वाक्य माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला.

आता वंगणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. गोळी दाबल्यावर प्रत्येक घराचं तोंड वंगणाने लिंपून बंद करायचं. एरवी एका घराच्या स्फोटाची ठिणगी शेजारच्या घरात जाते आणि नळीसमोर नसलेलं घरही उडतं. दुकानातल्या वंगणात जनावराची चरबी असायची. वहिनी म्हणाल्या, असलं काही माझ्या घरात येणार नाही. मधू म्हणाला, “चरबीच्या काडतुसांवरून एकदा देश पेटलाय, आता माझं घर नको.” मग वहिनींनीच सुपरमार्केटमधलं पांढरं वनस्पती आणि मधमाश्यांचं मेण वितळवून घट्ट मिश्रण केलं आणि स्टीलच्या एका डबीत भरून दिलं. ऑगस्टच्या उन्हातही ते वितळत नसे. हॅरल्डने ते वापरून पाहिलं आणि स्वतःसाठी डबीभर मागून नेलं.

मधूचे दोन नियम होते. पहिला, जो भरेल तोच उडवेल. दुसरा वहीचा. प्रत्येक खेपेची नोंद तो एका जाड वहीत मराठीत करायचा. तारीख, हवा, दारू, गोळी, वंगण, भरणारा, शेरा, असे रकाने. चुकलं तर खोडायचं नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही आणि तारीख. “खोडरबर हे खोटं बोलायचं साधन आहे,” असं तो म्हणे. त्याच्या घरात खोडरबर नव्हतं. रेवतीची पेन्सिल नेहमी मागून चावलेली असे.

त्या ऑगस्टच्या शनिवारी डबी आणायचं काम माझं होतं. आदल्या खेपेला ती माझ्या पिशवीत राहिली होती. क्लबात पोहोचल्यावर पिशवी उघडली तर डबी नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिलेली. याआधी एकदा मी टोप्या विसरलो होतो. टोपी म्हणजे प्रत्येक घरामागे लावायचं ठिणगी पाडणारं तांब्याचं टोपण. तेव्हा मधूने सगळं गुंडाळून चाळीस मैल गाडी परत वळवली होती आणि वाटभर माझी खिल्ली उडवली होती. मला ते पुन्हा नको होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी चाळीस वर्षं शोधतोय, सापडलेलं नाही. माझ्या जेवणाच्या डब्यात बायकोने वरणभातासाठी साजूक तूप दिलं होतं. बर्फाच्या पेटीतून काढलेलं, घट्ट, रवाळ, पिवळसर. दिसायला थेट वहिनींच्या मिश्रणासारखं. मधू लांब निशाणाचा कागद लावायला गेला होता. मी माझ्या पाळीची सहा घरं भरली आणि बोटाने त्यांवर तूप लिंपलं.

मग दुसऱ्या लोकांनी कागद बदलायला थांबायची खूण केली. रिव्हॉल्व्हर दहा-बारा मिनिटं बाकावर उन्हात पडून राहिलं. तूप उन्हात काय करतं हे कुणा मराठी माणसाला सांगायला नको… माझ्या गोळ्या आदल्या खेपेला सगळ्या डावीकडे गेल्या होत्या. मी म्हटलं, “मधू, खाचच वाकडी आहे बहुतेक. तू मारून बघ ना.” तो म्हणाला, “भरलंयस तू. तूच मार.” मी म्हटलं, “अरे यार, एकदा बघ तरी. मी काय कायम डावीकडेच मारणार का?” खाच तपासायची म्हटल्यावर त्याच्यातला तपासनीस जागा झाला. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून, डाव्या हाताने पुढून आधार देऊन तो बसला. टोप्या लावता लावता वर न पाहता त्याने विचारलं, “वंगण?”

मी म्हटलं, “लावलंय.”

तो आवाज एका गोळीचा नव्हता. तीन घरं एकदम उडाली होती. एक गोळी नळीतून गेली, एक कुठेतरी मातीत, आणि एक नळीच्या बाजूने, त्याच्या बोटांतून. हॅरल्डने धावत येऊन टॉवेल गुंडाळला. मी गाडी चालवली. मधू ओरडला नाही. अर्ध्या वाटेत म्हणाला, “आज ऊन फार होतं, नाही?” मी होय म्हटलं. इस्पितळात डॉक्टरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझीच चूक, मीच भरलं होतं. क्लबच्या फॉर्मवरही त्याने तेच लिहून दिलं. मी शेजारी उभा होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, तो बरा झाला की सांगू. नंतर वाटलं, आता सांगून बोटं थोडीच परत येणार.

क्लबने त्याला नियमाप्रमाणे एक मोसम बाहेर ठेवलं, आणि त्याच संध्याकाळी हॅरल्ड बायकोने भाजलेला ॲपल पाय घेऊन त्याच्या दारात हजर झाला. पुढे दर रविवारी यायचा, त्याच्या हिरवळीवर गवत कापायचं मशीन फिरवून जायचा. आणि आम्ही? ज्यांना आम्ही ‘बंदूकवाले’ म्हणून नाकं मुरडत होतो त्यांनी माणुसकी दाखवली, आणि शिवजयंतीला पुठ्ठ्याच्या तलवारी फिरवणाऱ्या आम्ही कमिटीची मीटिंग बोलावली. मधू तेव्हा दर रविवारी एका चर्चच्या तळघरात आपल्या अकरा मुलांना मराठी शिकवत असे. बाराखडीचे तक्ते त्याने स्वतः रंगवलेले, आणि मुलं त्याच्यावर जीव टाकायची. मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या घरी, गालिच्यावर गोल बसून ठरलं. डॉक्टर म्हणाले, “अक्षरं शिकवणारा माणूस आणि घरात गन? हाऊ डज इट लुक, यार?” कुणी म्हणालं, “आमची सोनू आता घाबरते त्यांना.” सोनू त्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. कुणी म्हणालं, “स्वतःची बोटं सांभाळता येत नाहीत, मुलं काय सांभाळणार!” त्यावर लोक हसले. हो, हसले. आणि मी, मंडळाचा सेक्रेटरी, समोसा हातात धरून गप्प बसलो. मग डॉक्टर म्हणाले, “अरविंदराव, तुम्ही ड्राफ्ट करा. तुमचे ते मित्र आहेत, सॉफ्ट भाषेत लिहा.”

मी सॉफ्ट भाषेत लिहिलं. ‘निष्काळजीपणामुळे घडलेली दुर्दैवी घटना’ हे शब्द माझे. ‘पालकांच्या भावना लक्षात घेऊन वर्गाची जबाबदारी सोडावी’ हेही माझे. पत्र द्यायलाही मीच गेलो, पोस्टाने पाठवायची लाज वाटली म्हणून. मधू स्वयंपाकघरात होता, डाव्या हाताला बँडेज. दोनदा वाचलं. वहिनींचा चेहरा लाल झाला होता. “भावजी, तुम्ही लिहिलंत हे?” मधूने त्यांना हाताने थांबवलं आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. “खाली तारीख राहिली आहे, अरव्या. तारखेशिवाय नोंद म्हणजे नोंद नव्हे.” मी त्याच्याच पेनने तारीख घातली.

वर्ग वर्षभरात बंद पडला, कारण शिकवायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. डॉक्टरांना वेळ नव्हता, सोनूच्या वडिलांना गोल्फ होता. अकरा मुलांची अक्षरं अर्ध्यावर राहिली. रेवतीने तर बाबांना काढलं त्या दिवशी पाटी कपाटात टाकली ती टाकलीच. मधूने नंतर एकट्याने पुन्हा क्लबात जायला सुरुवात केली, उरलेल्या तीन बोटांनी. मला कधी बोलावलं नाही. पण माझ्या मुलीच्या लग्नाला आला, माझ्या बायकोच्या आजारपणात रोज आला, आणि कधी एक शब्द बोलला नाही. मी स्वतःची समजूत घातली होती, त्याला माहीतच नाही. धुराच्या वासात तुपाचा वास कुणाला येणार?

वहिनी मागेच गेल्या, त्यामुळे घर आवरायला परवा रेवतीने मला बोलावलं. ती आता पन्नाशीत आली आहे, वडिलांसारखाच चष्मा कपाळावर सरकवते. तळघरातल्या टेबलाच्या खणात ते रिव्हॉल्व्हर होतं. गोळी दाबायचा वाकलेला दांडा ठोकून सरळ केलेला, बाकी पुसून तेल दिलेलं, एक डाग नाही. खाली ती वही. “काका, धिस इज ऑल मराठी. आय कान्ट रीड इट,” ती म्हणाली. ते वाक्य मला जेवढं लागलं तेवढं आजवर काही लागलेलं नाही. त्याची मुलगी त्याचं अक्षर वाचू शकत नाही, आणि तिला वाचता येऊ नये याची सोय मी एका पानाच्या सॉफ्ट पत्राने केली होती.

मी तो ऑगस्टचा दिवस शोधला. तारीख होती. हवा: स्वच्छ, ऊन कडक. दारू आणि गोळीची मापं नेहमीची. शेरा: तीन घरं एकदम. डावा हात. अक्षर वाकडंतिकडं, म्हणजे इस्पितळातून आल्यावर लगेच, वही धरायला दुसरा हात नसताना लिहिलेलं. आणि मधले दोन रकाने. वंगण: साजूक तूप. भरणारा: मी.

त्याला माहीत होतं. पहिल्याच दिवसापासून. ज्या माणसाने खोडरबर घरात येऊ दिलं नाही त्याने वहीत आयुष्यात एकच खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर, शेकडो नोंदींत, वंगणाच्या रकान्यात एकच मजकूर आहे: स्वतः पाहिलं.

“व्हॉट डज इट से?” रेवतीने विचारलं. मी वाचून दाखवलं. मग सांगितलं. डबी, डबा, ऊन, ‘लावलंय’, समोसा, पत्र, सगळं. मी रडेन असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. मला राग आला होता, त्या डॉक्टरांचा, त्या हसणाऱ्यांचा, मधूचासुद्धा, की त्याने मला एकदा कॉलर धरून विचारलं का नाही. आणि या सगळ्यांना मागे टाकणारा राग ज्याचा होता तो माणूस तिच्यासमोर स्टुलावर बसलेला होता.

“पीपल लाफ्ड ॲट हिम, काका,” ती म्हणाली. “शाळेत मुलं विचारायची, तुझ्या बाबांना काउंटिंग किती येतं, आठपर्यंतच ना? ॲन्ड यू न्यू.” मी म्हटलं, हो. तिने वही स्वतःकडे ओढली आणि त्या ओळीवर बोट फिरवत शेवटच्या रकान्यावर थांबली. “हे मला येतं. ‘मी’. राइट?”

“हो.”

“बट इट वॉझन्ट हिम.”

“नाही.”

तिने टेबलावरच्या पेल्यातून मधूचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. “मग करेक्ट करा. हिज वे.”

‘मी’ या शब्दावर मी एकच रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येत होतं. शेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली सही केली आणि पेन खाली ठेवायला लागलो.

“डेट, काका,” रेवती म्हणाली.

मी तारीख घातली.